जर्मन ताटल्यांची पंगत

योप,

तुला मराठी वाचता येत नव्हतं. मला डच बोलता येतं, पण लिहायला बसलो की पहिल्याच ओळीत धाप लागते. आपण दोघं इतकी वर्षं एकमेकांना अर्धे अर्धे समजतच आलो. तेव्हा हे मराठीत लिहिलं तर फार काही बिघडणार नाही. मी चौथीपर्यंत शिकलो. देवगडच्या शाळेतले मास्तर म्हणायचे, याचं अक्षर बरं आहे पण डोकं अडेल आहे. अक्षर हातातल्या कापऱ्यानं खाल्लं. डोक्याचं तुला माहीतच आहे.

तू कोरोनानं गेला नाहीस, हृदयानं गेलास, हे मी भेटेल त्याला विचारायच्या आधीच सांगून टाकतो. नाहीतर लोक एक पाऊल मागं सरतात. सगळं जग ज्यानं आजारी पडतंय त्यानं मरायचं नाही, हे अगदी तुझंच. बाजारातही सगळ्यांची टेबलं मांडून झाली की मग तू गाडी घेऊन यायचास, आणि वर म्हणायचास, "गर्दीत मला सुचत नाही."

तुझ्या शेवटच्या निरोपाला तीसच माणसं. खुर्च्या दीड दीड मीटरवर, म्हणजे शेजारच्याच्या खांद्यावर हात ठेवायची सोय नाही. मरायकेनं मला पहिल्या रांगेत बसवलं. तुझी मुलगी तुझ्यासारखीच, रडायचं असलं की घड्याळ बघते. सगळं झालं आणि आम्ही बाहेर आलो. कॉफी नाही. केकचा तो एक पातळ तुकडा, जो तुमच्यात मिळतो आणि ज्याची मी जन्मभर चेष्टा केली, तोही नाही. नियम. माणूस पोचवून आलो आणि तोंडात पाण्याचा थेंब नाही. घरी आलो तर शालननं विचारलं, "जेवायला घातलं का कुणी?" मी म्हटलं, हात धुवायला घातले, तीन वेळा.

तिनं देवापुढं दिवा लावला. तू तिला शेवटपर्यंत "वहिनी" म्हणालास. बाजारातल्या निम्म्या लोकांना ते तिचं नावच वाटतं.

तर हे लिहायला बसलो ते तुझ्या त्या दोन पेट्यांसाठी. त्यांचं काय झालं ते तुला सांगायला नको?

पण आधी आपलं भांडण. ते अर्धंच राहिलंय.

आठवतं का, मी जहाज सोडून द हेगमध्ये राहिलो आणि एका हॉटेलात भांडी घासायला लागलो. सुट्टीच्या दिवशी तुमच्या जुन्या बाजारात, त्या मोठ्या झाडांखाली, फुकट हिंडायचो. तुझ्या टेबलावर सगळा जर्मन माल. पांढरे कुत्रे, नाचणाऱ्या बाया, कॉफीचे सेट, बरंचसं लढाईच्या वेळचं. मी एक ताटली उचलली आणि नखानं टिचकी मारली. तू ओरडलास, "काय करतोस?" मी म्हटलं, "ही फुटलेली आहे. वाजत नाही." तू कानाशी धरून वाजवलीस. मग तिच्याशेजारची वाजवलीस. मग म्हणालास, "पुढच्या रविवारी ये. सकाळी ये." तुझी सकाळ साडेदहाला व्हायची हे तेव्हा मला कोण सांगणार?

मग आपण जर्मनीत जायला लागलो, सीमेपलीकडच्या बाजारांत. तुझी ती पिवळी गाडी, मागं वर्तमानपत्रांचे गठ्ठे, शालननं दिलेला डबा. तू माल बघायचास आणि मी भाव करायचो, कारण तुला भाव करताना लाज वाटायची आणि मला भाव न करता घेताना. जर्मन बाई म्हणायची, किंमत ठरलेली आहे. मी म्हणायचो, हो, पण तुमच्या बाजूनं ठरली आहे, माझ्या बाजूनं अजून ठरायची आहे. तू तोंड फिरवून हसायचास. भवानी होईपर्यंत पहिलं गिऱ्हाईक रिकाम्या हातानं जाऊ द्यायचं नाही, हे तू माझ्याकडून शिकलास. पहिले पैसे आले की तूही ते कपाळाला लावायचास, आणि शेजारचा घड्याळवाला विचारायचा, "योप, डोकं दुखतंय का?"

चित्रांत मात्र तुझं नि माझं जमलं नाही. लढाईच्या वेळची जर्मन चित्रं, त्यांत शिपाई असला की तू हात लावायचा नाहीस. डोंगर, शेत, गाय असली की घ्यायचास. म्हणायचास, "डोंगर कुणाच्या पक्षात नव्हता." आमच्या लग्नाच्या वाढदिवसाला असलाच एक डोंगर तू भिंग लावून नीट तपासून आणलास, कुठं कोपऱ्यात शिपाई लपलेला नाही ना म्हणून. शालननं तो फ्रिजशेजारी लावला. आता त्याच्या चौकटीवर हळदीची बोटं आहेत. परवा मरायके आली तेव्हा त्याच्यापुढं उभी राहिली आणि म्हणाली, "हा तर बाबांनी मला कधीच विकत दिला नाही." मी म्हटलं, आम्हाला तरी कुठं विकत दिला.

आणि मग ती ताटली.

तुझ्या टेबलाखाली दोन पेट्या असायच्या. साध्या पांढऱ्या, जाड ताटल्या. नक्षी नाही, सोनेरी काठ नाही. सैन्याच्या खानावळीच्या. पाठीवर खूण, कारखान्याचं चिन्ह, साल, आणि तो गरुड पंजात हिटलरचं ते चक्र धरून बसलेला. बाजाराच्या कमिटीनं सांगितलं होतं, असला माल मांडायचा तर खुणेवर कागद चिकटवा. तू म्हणालास, कागद चिकटवणार नाही. मग त्या पेट्या टेबलाखाली गेल्या. विकायला होत्या आणि विकत नव्हतास. असा धंदा मी जगात कुठं पाहिला नाही.

मला वाटलं, लोक खूण बघून दचकतात, म्हणून माल पडून आहे. तुझ्या गोदामात लाकडाची शेगडी होती, तिची राख घेतली, नारळाची शेंडी घरून आणली आणि एक ताटली घेऊन नळापाशी बसलो. तिच्यावरची खूण सोनेरी होती. अख्खी दुपार घासली. गरुडाचा एक पंख गेला, दुसरा गेला, मग चोच, मग ते चक्र. जहाजावर मी काळी पडलेली पातेली घासून आरसे केलेत, एक गरुड काय! संध्याकाळी तुझ्यापुढं धरली. म्हटलं, "घे. आता जेवायची झाली."

तू खूप वेळ बघत राहिलास. मग हसायला लागलास. इतका हसलास की खाली पेटीवर बसलास. "सगळ्या युरोपाला जे जमलं नाही," म्हणालास, "ते तू राखेनं केलंस." आणि मग ताटली मांडीवर उलटी ठेवलीस.

तुझ्या वडलांची गोष्ट तू मला त्या दिवशी सांगितलीस. लढाईत जर्मनांनी त्यांना सक्तीनं कामाला नेलं, त्याच कारखान्यात. ताटल्या पेंढ्यात भरायच्या, पेट्यांना खिळे मारायचे. दोन हिवाळे. परत आले ते वजनानं निम्मे होऊन, आणि त्याबद्दल एक अक्षर बोलले नाहीत. जर्मन चमचासुद्धा घरात येऊ दिला नाही. ते गेल्यावर तू त्या कारखान्याच्या, त्याच सालांच्या ताटल्या गोळा करायला लागलास. म्हणालास, "यांतली एखादी त्यांच्या हातातून गेली असेल. कुठली ते कळायचं नाही. म्हणून सगळ्या." आणि खूण ही त्यांची एवढीच चिठ्ठी आहे, ती पुसली तर ते तिथं नव्हतेच असं होतं.

मी काय म्हणालो ते तुला आठवत असेल. मी म्हणालो, "तुझ्या बापाच्या हातात ही ताटली आणि राख दिली असती ना, तर त्यानं माझ्याआधी घासली असती."

"माझ्या बापाला काय वाटलं असतं ते तुला काय माहीत?"

"मी जन्मभर दुसऱ्यांची ताटं घासली. मला माहीत आहे."

तू म्हणालास, तू मूर्ख आहेस. मी म्हणालो, आहेच. मग तू मला घरी सोडलंस आणि शालनच्या हातची काळ्या वाटाण्याची उसळ काट्या-चमच्यानं खाल्लीस. भांडण तिथंच राहिलं. पुढं किती वेळा काढलं आपण! गाडीत, पावसात, तुझ्या गुडघ्याच्या ऑपरेशनच्या आदल्या दिवशी. तू खुणेच्या बाजूनं, मी शेंडीच्या. मी अजूनही म्हणतो की माझं बरोबर होतं. मेलास म्हणून मी काही माघार घेणार नाही.

बाकी ताटल्यांवरची खूण हिरवी आहे आणि काचेच्या थराखाली भाजलेली आहे, ती कुणाच्या बापाच्यानं निघत नाही, हे तू मला फार आनंदानं सांगितलंस. मीही काही महिने प्रयत्न केला. नाही निघाली.

तर तुझी परीक्षा. बाजारात कुणी त्या पेट्यांकडं वाकला की तू बोलायचा नाहीस, फक्त त्याचे हात बघायचास. जो ताटली हातात घेऊन आधी वरून बघतो, त्याला जेवायचंय. जो आधी उलटी करतो आणि खूण बघून खूष होतो, त्याला ती काचेच्या कपाटात ठेवून मित्रांना दाखवायची आहे. असल्याला तू द्यायचा नाहीस. माझ्याकडं बघून मराठीत म्हणायचास, "संपलं." मी लगेच पेटीवर वर्तमानपत्र टाकायचो. त्या गिऱ्हाइकाला वाटायचं, हा काहीतरी भारतीय मंत्र आहे. इतक्या वर्षांत तुझ्या परीक्षेत कुणी पास झालं नाही. कारण जुन्या मालाचा शौकीन ताटली उलटी करणारच, रे! मी तुला किती वेळा सांगितलं. तू म्हणायचास, "मग राहू दे."

राहू दे म्हणालास आणि राहून गेल्या.

मरायके गेल्या आठवड्यात लायडनहून आली. तुझं गोदाम महिनाअखेर रिकामं करून द्यायचंय. बाकी माल घ्यायला बाजारातले लोक तयार आहेत. दोन पेट्यांसाठी मास्ट्रिख्टकडच्या एका माणसाचा फोन आला होता, सगळ्या एकदम नेतो म्हणाला. मी म्हटलं, "मुली, जरा थांब."

"काका, मी कुठं ठेवू? माझ्या घरात मला नकोत. आजोबांनी जर्मन चमचा येऊ दिला नाही, मी दोन पेट्या आणू? आणि कचऱ्यात टाकायला हात होत नाही. तुम्हीच सांगा."

ती तुझी मुलगी, ताटल्या तिच्या, मी कोण? टेबल मांडणारा आणि भाव करणारा. पण त्या जर त्या माणसाच्या कपाटात गेल्या असत्या तर तुझ्या सगळ्या "राहू दे"चं काय झालं असतं? तू इतकी वर्षं गिऱ्हाईक परत पाठवलंस ते काय या एका फोनसाठी?

माणूस आला. सभ्य दिसत होता, तोंडाला मास्क, हातांत पांढरे हातमोजे. मी म्हटलं, असेल बाबा चांगला. तोंड झाकलेलं, आता परीक्षा कशी घ्यायची? पण हात तर दिसत होते. मरायकेनं पेटी उघडली. त्यानं पहिली ताटली घेतली आणि पुरता श्वासही न घेता उलटी केली. आणि योप, मास्कच्या वर त्याचे डोळे हसले.

मी काही बोलायच्या आत मरायके म्हणाली, "संपलं."

मराठीत. तुझ्या आवाजात. लहानपणी ती टेबलाखाली बसून चित्रं रंगवायची, तिथं तिनं ऐकलं असणार. माणसानं विचारलं, "काय?" मी पेटीवर वर्तमानपत्र टाकलं. पंच्याहत्तरीत हात इतका चटकन कधी चालला नव्हता. तो गेला, दार लागलं, आणि आम्ही दोघं खाली पेंढ्यात बसून हसलो. मग ती घड्याळ बघायला लागली. मी पण बघितलं. तिथं घड्याळ नव्हतंच.

"आता?" ती म्हणाली.

"आता तेरावा," मी म्हटलं.

तिला समजावलं, आमच्यात तेराव्या दिवशी गोडाचं जेवण घालतात. आल्या-गेल्याला, शेजाऱ्याला, ओळखीच्याला. त्यानंतर घरातली माणसं आपापल्या कामाला लागतात. ती म्हणाली, "बाबा तुमच्यातले नव्हते." मी म्हटलं, पहिले पैसे कपाळाला लावणारा माणूस कुणातला हे तू मला सांगू नको.

घरात माणसं बोलवायची सोय नाही. मग जिथं आपलं टेबल लागायचं, तिथंच, त्या झाडांखाली. बाजार बंदच होता, जागा मोकळी. तुझ्या टेबलाची फळी आणली, मोजली, बरोबर दीड मीटर निघाली. फळी आडवी टाकायची, एक माणूस बसवायचा, परत फळी टाकायची, पुढचा. घड्याळवाला, फुलवाली, पुस्तकवाले म्हातारे नवरा-बायको, मरायके, तिची मुलं, जे जे तुझ्या निरोपाला खुर्चीवर गप्प बसले होते ते सगळे. आयुष्यात मी खूप पंगती पाहिल्या, पण इतकी लांब पाहिली नाही. वाढताना माझे पाय मोडले. शालन मोठ्या पळीनं लांबूनच वाढत होती आणि मला म्हणत होती, "अहो, जरा भरभर. भात गार होतोय, इथं कुंपण घालत बसलात."

खेमेंटेचा, म्हणजे इथल्या नगरपालिकेचा, माणूस सायकलवरून आला. नियम बघणारा तो.

"मेनेर, हे काय चाललंय?"

"जेवण."

"परवानगी?"

"आमचा माणूस गेला. त्यानं तरी कुठं विचारलं होतं?"

त्यानं माणसांमधलं अंतर बघितलं. मी फळी दाखवली. त्यानं स्वतः ती एका ठिकाणी टाकून बघितली, आणि घड्याळवाल्याला जरासं डावीकडं सरकवलं. घड्याळवाला जन्मभर वेळ मोजत आला, जागा मोजून घ्यायची त्याला सवय नाही, कुरकुरला. शालननं त्या साहेबाला कागदात दोन वडे दिले. "ड्यूटीवर आहे," म्हणाला, आणि झाडाकडं तोंड करून दोन्ही खाल्ले.

आता ऐक. जेवण तुझ्या ताटल्यांत वाढलं. दोन्ही पेट्यांतल्या, धुऊन पुसून. वडे, काळ्या वाटाण्याची उसळ, भात, शिरा. लोक ताटलीकडं बघत होते, आत काय आहे, हे काळं काय, हे पिवळं काय, कशाबरोबर काय खायचं. एकानंही उलटी केली नाही. उसळीनं भरलेली ताटली कोण उलटी करणार? योप, सगळी पंगत तुझ्या परीक्षेत पास झाली. सगळ्यांनी आधी वरून बघितलं. इतकी सोपी युक्ती होती. आपण दोघं रविवारमागून रविवार रिकाम्या ताटल्या दाखवत बसलो.

जेवणं झाल्यावर मरायके उभी राहिली. म्हणाली, "आता उलट्या करा." सगळ्यांनी केल्या. पुस्तकवाल्या म्हातारीनं ताटली हातातून खाली ठेवली. मग मरायकेनं आजोबांची गोष्ट सांगितली, पेंढा, पेट्या, खिळे, दोन हिवाळे. तिच्या मुलांनी ती पहिल्यांदाच ऐकली, मी त्यांच्याकडं बघत होतो. गोष्ट संपली तेव्हा म्हातारीनं ताटली परत उचलली, उताणी केली, आणि उरलेला शिऱ्याचा कण बोटानं पुसून खाल्ला.

मग मी बोललो. माझं डच तुला माहीत आहे, पण कुणी हसलं नाही. म्हटलं, ज्यानं त्यानं आपली ताटली घरी न्यायची. पैसे नाहीत. विकायची नाही. अट एकच, हिच्यात जेवायचं. खूण ठेवायची की घासायची, हे ज्याचं त्यानं ठरवावं, त्यावर योपचं आणि माझं भांडण आहे आणि ते अजून मिटलेलं नाही. घड्याळवाला म्हणाला, "तू कुणाच्या बाजूनं?" मी म्हटलं, माझ्या.

मरायकेनं एक उचलली. तुझ्या मफलरात गुंडाळली आणि सायकलच्या पिशवीत ठेवली. तुमच्या घरात पहिल्यांदा जर्मन भांडं गेलं, योप. तुझ्या बापाला काय वाटलं असतं ते मला माहीत आहे, पण ते मी तुला सांगणार नाही. तू मानणार नाहीस.

एक माझ्याकडं आहे. दुपारी तिच्यातच जेवतो. जेवण झालं की नळापाशी उभा राहतो, शेंडीनं आधी वरची बाजू घासतो, मग उलटी करतो आणि गरुडावरून दोन हात फिरवतो. शालन आतून ओरडते, "अहो, ती निघायची नाही, योपभावजींनी सांगितलं होतं ना!"

सांगितलं होतं. उद्या परत घासणार आहे.